आबा आणि उद्या

आबांनी शिंगरू विकत घेतलं आणि लगेच परत पाठवून दिलं, ही बातमी पारावर पोचली तेव्हा मंडळींना नवल वाटलं ते विकत घेण्याचं. परत पाठवण्याचं कुणालाच काही वाटलं नाही. घराच्या वरच्या मजल्यासाठी आबांनी आणलेली सळई अंगणात इतकी वर्षं पडून होती, की दोडक्याचे किती वेल तिच्यावर चढले आणि वाळले याचा हिशेब राहिला नव्हता. "घाई कशाला? सळई काय पळून चाललीय?" असं ते विचारत. सळई खरंच कुठं गेली नव्हती.

मी त्या गावच्या शाळेत बदलून गेलो आणि आबांच्या घराची रस्त्याकडची खोली मला भाड्यानं मिळाली. मिळाली म्हणजे, आधी चहा मिळाला. मग गाव, तालुका, वडिलांचा धंदा यांची चौकशी झाली. मग 'या पुन्हा' असं सांगण्यात आलं. बरेच दिवस मी नुसताच जाऊन ओट्यावर बसत होतो आणि आबा पलीकडे तोंड करून पेपर वाचत होते. हा आपला अपमान नसून ही त्यांची पद्धत आहे, हे मला पुढे शिंगरू आलं तेव्हा कळलं. एक दिवस त्यांनी मागे न बघताच किल्ली माझ्या हातात ठेवली.

आबा ६१ कॅव्हलरीतून दफेदार म्हणून निवृत्त झालेले. संस्थानांची घोडदळं एकत्र करून १९५३ साली उभी राहिलेली ही रेजिमेंट. जयपूरला असते आणि अजून घोड्यावर आहे. राजपूत, कायमखानी आणि मराठे असे तीन हिस्से तिच्यात असतात. आबा तिथं रिक्रूटांना घोड्यावर बसायला शिकवत. स्वतःच्या या नोकरीबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "रिक्रूटाला काय, वरडलं की बसतोय. त्यात शिकिवणाऱ्याचं काय कसब? घोड्यावर वरडून बघा मास्तर, मंग समजंल कोण कुणाला शिकिवतंय ते."

दिवाळी झाली की भीमेच्या काठानं धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात. वाटेत ज्याच्या रानात मेंढरं बसतील त्याला लेंडीखत मिळतं आणि धनगराला धान्य नाहीतर पैसे. त्या वर्षी आबांच्या रानात एक वाडा उतरला आणि त्यांच्यातली एक घोडी रात्री व्याली. घोडी अकरा महिने पोट वागवते आणि शक्यतो रात्रीची, कुणी बघत नसताना मोकळी होते. पण आबा संध्याकाळपासून बांधावर इतके स्वस्थ बसून होते, की घोडीनं त्यांना बांधातच धरलं असावं. घोडी भीमथडी जातीची. धनगरांचा सगळा संसार पाठीवर घेऊन घाट चढणारी, बुटकी आणि काटक. सरकारनं अलीकडे या घोड्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, तेव्हा आबा म्हणाले होते, "सरकारबी आपल्यासारखंच हाय. सावकाश, पर येतंय."

शिंगरू तासाभरात चार काटक्यांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. आबांना तेवढ्यावरच ते पसंत पडलं. खरं तर नापसंत पडावं असं त्याच्यात पुष्कळ होतं. रंग धड ना काळा ना तांबडा. पाय पांढरे असते तर पंचकल्याणी म्हणून भाव आला असता, ते नव्हते. गळ्यावर देवमण नावाचा शुभ भोवरा नव्हता. उलट डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. बाजारात अशा जनावराला आसूढाळ म्हणतात आणि ते मालकाच्या घराला रडवतं असं मानतात. अकलूजच्या घोडेबाजारात ते उभं केलं असतं तर व्यापाऱ्यांनी तोंड पाहून पुढची वाट धरली असती. आबांनी उपरण्याखाली हात घालून बोटांवर भाव ठरवला. तो किती ठरला हे आबांच्या बायकोला, काकींना, आजतागायत कळलेलं नाही. भोवऱ्याचं मात्र त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. "स्वयपाकघरातल्या नळालाबी भोवरा आसंल मंग," त्या म्हणाल्या. "तोबी धा वर्सं झाली, रडतोय."

पैसे मोजून दिल्यावर आबांनी शिंगराच्या पाठीवरून हात फिरवला आणि धनगरणीला म्हणाले, "आता घिऊन जावा. आईचं दूध पिऊ द्या. आईच्या मागनं घाट उतरू द्या. पावसाच्या तोंडाला माघारी याल तवा बघू." पावसाच्या तोंडाला वाडा माघारी आला. शिंगरू तेव्हा आईच्या कासेला तोंड लावून होतं. आबांनी ते पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा दिवाळीपर्यंत मुदत दिली. धनगराला वाटलं, म्हाताऱ्याचे पैसे बुडवायचे म्हटले तरी तो बुडवू देणार नाही, पण आपणहून मागणारही नाही.

असं ते वर्षाचं होऊन एकदाचं अंगणात आलं आणि शाळा भरली.

पहिला धडा पेपर वाचण्याचा. आबा रोज सकाळी अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकत आणि शिंगराकडे पाठ करून पेपर उघडत. शिंगरू दूरच्या कोपऱ्यात. काही दिवसांनी ते चार पावलं पुढे आलं. आबा छोट्या जाहिरातींपर्यंत पोचले होते, त्यांनी मान वळवली नाही. घोडा हे मुळात खाल्लं जाणारं जनावर, त्यामुळे आपल्याकडे टक लावून सरळ चालत येणारा कुणीही त्याला खाणाराच वाटतो, ही आबांची त्यामागची मीमांसा. पाठमोऱ्या माणसाबद्दल मात्र त्याला कुतूहल आवरत नाही. एके दिवशी शिंगरानं मागून येऊन आबांच्या खांद्यावरून पेपरात नाक घातलं आणि अग्रलेखाचा कोपरा खाल्ला. आबांनी उरलेला अग्रलेख शांतपणे वाचून संपवला. मग म्हणाले, "ह्यो दुसरा, ज्यानं ह्यो वाचलाय."

गावाला याचा अर्थ लागेना. एका सकाळी सरपंच येऊन विचारून गेले, "आबा, बसणार कधी?" आबा म्हणाले, "उद्या." पुढच्या आठवड्यात पोस्टमननं विचारलं, त्यालाही तेच उत्तर मिळालं. शाळेत जाता-येता पोरं कुंपणावरून विचारू लागली. शेवटी पोरांनी त्या शिंगराचंच नाव 'उद्या' ठेवलं आणि आबांच्या आधी शिंगरानं ते मान्य केलं. त्यामुळे गावाच्या व्याकरणात फार घोटाळे झाले. 'उद्या काल उधळला', 'उद्यानं परवा मास्तरांचं धोतर खाल्लं' अशी वाक्यं माझ्या वर्गातली पोरं निबंधात लिहू लागली आणि ती खोडायची की नाही याचा निर्णय मला करता येईना. धोतर माझं नव्हतं, एवढं मात्र समासात लिहून ठेवलं.

दुसरा धडा पायांचा. पाय उचलू दिला नाही तर नाल ठोकता येत नाही आणि एकदा वाईट रीतीनं पाय उचलला गेला तर जन्मभर नालबंदाशी वैर. आबांनी तालुक्याच्या नालबंदाला बोलावून घेतलं. तो खुरपी, हातोडा, ऐरण घेऊन आला. आबांनी त्याला उद्याच्या पुढच्या डाव्या पायाला फक्त हात लावायला सांगितला. लावला. पैसे घेऊन जायला सांगितलं. पुढच्या खेपेला पाय इंचभर उचलायचा आणि सोडायचा. त्याच्या पुढच्या खेपेला खुरावर बोटानं टकटक. नालबंदाचा धंद्यावरचा विश्वास उडत चालला. "आबा, पैसं घ्यायला लाज वाटती," तो एकदा म्हणाला. आबांनी त्याला समजावलं, "तू पैसं घ्यायचं शिक, त्यो पाय द्यायचं शिकतोय." पुढे जेव्हा खरोखर खुरं साळायची वेळ आली तेव्हा उद्यानं चारही पाय एकामागून एक स्वतःच उचलून दिले. नालबंद इतका गहिवरला, की त्या दिवशी त्यानं पैसे घेतले नाहीत. आबा नाराज झाले. शिकवणीचा क्रम बिघडला ना.

दोरीचा धडा मात्र मी नीट बघितला, कारण त्यात काहीतरी आपल्याही कामाचं असेल असं मला वाटलं. आबा दोरी ओढत नसत. ती धरून उभे राहत, अगदी हलका ताण देऊन. उद्या मान ताठ करून उभा. कधी कधी तर चहा निवून जाई. मग उद्याच्या मनात काहीतरी हलायचं आणि त्याचं वजन केसभर पुढे यायचं. पाऊल नव्हे, नुसतं वजन. त्याच क्षणाला आबांची मूठ सैल. "ताणानं शिकत न्हाय मास्तर घोडं. ताण गेला की शिकतंय. कवा सोडलं, तेवढंच त्याच्या ध्यानात ऱ्हातंय. उशिरा सोडलं तर चुकीचंच शिकंल." मी दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गावर हे करून पाहायचं ठरवलं. पण माझ्यासमोर पंचावन्न पोरं होती, घटक चाचणी सोमवारी होती आणि कोणत्या पोराचं वजन केसभर पुढे आलं हे पाहायला शिक्षण खात्यानं तास ठेवलेला नव्हता. संध्याकाळी आबांनी विचारलं, "वर्गात पोरांनी कान मागं केलं की तुमी काय करता?" मी खरं ते सांगितलं. फळ्याकडे तोंड करतो. "बराबर हाय," आबा म्हणाले. त्यांना ती पाठ करण्याचीच पद्धत वाटली.

आणखी एक नियम होता. उद्यानं एखादी गोष्ट नीट केली की धडा तिथंच बंद. पुन्हा करून बघायची नाही. आपलं ऐकलं या आनंदात माणूस आणखी एकदा करायला लावतो, मग जनावर कंटाळतं आणि चुकीवर दिवस संपतो. त्यामुळे आबांचे काही तास चार तासांचे होत आणि काही दीड मिनिटाचे. दीड मिनिटाच्या दिवशी ते उरलेला वेळ पारावर पत्ते खेळत. तिथं त्यांचं एक पान पडायला इतका वेळ लागे, की भिडूंची शेतं नांगरून होत. आबांच्या सबुरीला साधुत्व समजणारे लोक त्यांच्याशी पत्ते खेळलेले नाहीत. मी खेळलो आहे. ती सबुरी नव्हती, तो हट्ट होता, आणि हट्टाला घड्याळ नसलं की तो लांबून संतपणासारखा दिसतो.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त नाकासमोरचं थोडं आणि शेपटीमागचं सोडून. पण डाव्या डोळ्यानं पाहून ओळख झालेली वस्तू उजव्या डोळ्यासमोर आली की तो नव्यानं बुजतो, हा आबांचा सिद्धांत होता, आणि या सिद्धांतानं आमच्या गल्लीचं जगणं बदलून टाकलं. डावीकडून छत्री उघडली की उजवीकडून उघडायची. डावीकडून सायकल नेली की वळून उजवीकडून आणायची. दूधवाला, भाजीवाली, कोतवाल, सगळे आबांच्या कुंपणासमोरून दोनदा जात. भाजीवालीची विक्री वाढली.

कळस झाला तो वैशाखात. गल्लीतून एक वरात निघाली होती. पुढे बँड, मागे वऱ्हाड, मध्ये भाड्याच्या पांढऱ्या घोडीवर नवरदेव. आबा उद्याची दोरी धरून कुंपणाशी उभे. ढोल जवळ आला तसा उद्या थरथरला, फुरफुरला, दोन पावलं मागे गेला आणि थांबला. पळाला नाही. आबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते नवरीच्या बापाच्या चेहऱ्यावरही नव्हतं. वरात पुढे गेली आणि आबांनी हात वर केला. "आता माघारी फिरा!" बँडवाल्यांना वाटलं, रस्ता बंद आहे. ते फिरले. सगळं वऱ्हाड वळून पुन्हा उद्याच्या उजव्या डोळ्यासमोरून गेलं, आणि मग लग्न मारुतीच्या देवळात आहे हे आठवून तिसऱ्यांदा वळलं. मुहूर्त टळतो म्हणून नवरदेवाचा मामा धावत आला. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मामा, मुहूर्त दुसराबी निघतोय. पयल्यांदा बुजलेलं घोडं मातुर कायमचं बुजतंय." मामा म्हणाला, "आणि बुजलेला नवरदेव?" नवरदेवाकडे पाहून आबांनी त्यालाही एकदा उजवीकडून दाखवायला हवं होतं, असं मत दिलं.

हे सगळं ज्याला सर्वांत असह्य होत होतं तो आबांचा पुतण्या बापू. बापूच्या डोक्यात हिशेब होता. वरातीचा घोडा, नाचणारा असेल तर दुप्पट दर, सारंगखेड्याच्या दत्त जयंतीच्या यात्रेत उभा केला तर लाखात किंमत. नाचायला शिकवणारा माणूसही त्यानं हेरून ठेवला होता. दोन खांबांना बांधायचं, ढोल वाजवायचा आणि पायांवर छडी. ढोल ऐकला की पाय आपोआप उचलतात. आबांनी त्या माणसाला घरी बोलावलं, चहा दिला, त्याची सगळी पद्धत शांतपणे ऐकून घेतली आणि मग विचारलं, "तुमाला कुटं शिकिवलं हे? तितंबी असंच बांधलं व्हतं का?" तो गेला. जाताना काटेरी लगाम विसरून गेला. असला लगाम वापरायला प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे हे मी आबांना सांगितलं, तर त्यांनी तो काकींना दिला. वालाच्या वेलाला आधार झाला.

अडीच वर्षं सरली तेव्हा उद्याचे पुढचे दोन दुधाचे दात पडून कायमचे आले. आबांनी पेढे वाटले. बापूनं पेढा तोंडात टाकून मुद्दा काढला, "दोन दाती झाला, आता बसायचं."

"चार दाती हू दे. साडेतीनला व्हतोय."

"मग बसायचं."

"मंग साडेचारला सा दाती. पाचाला तोंड जुळतंय. आन् पाठ त्याच्याबी मागनं जुळती. दात दिसत्यात बापू, पाठ दिसत न्हाय. म्हून लोक दात बघून पाठीवर बसत्यात."

बापूनं शेवटचं अस्त्र काढलं. "आबा, महालक्ष्मीला रेसमध्ये दोन वर्षांची घोडी पळतात. इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते, १९४३ पासून चाललीय, सगळं पेपरात येतं."

"येतंय की," आबा म्हणाले. "आन् धा वर्सांनी ती घोडी कुटं असत्यात, ते कुठल्या पानावर येतंय?"

बापूपाशी याला उत्तर नव्हतं. माझ्यापाशीही नव्हतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

लगामाच्या धड्यासाठी आबांनी साधी गुळगुळीत कडी आणली. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये हिरडीचा मोकळा पट्टा असतो, कडी तिथं बसते. ती तोंडात जाताना दातावर आपटली तर जनावर पुढे प्रत्येक वेळी मान वर करतं. आबांनी कडीला गूळ लावला आणि हातात धरून उभे राहिले. उद्या गूळ चाटून निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. गुळाची ढेप संपली, दुसरी आली. काकींनी गूळ कुलपात ठेवायला सुरुवात केली, कारण त्यांच्या मते घोड्यापेक्षा आबाच जास्त चाटत होते. थंडीत लोखंड गार पडतं म्हणून आबा पहाटे कडी काखेत धरून झोपत. "चाळीस वर्सांत माझ्या गार हातांची काळजी केली न्हाय कवा," काकी म्हणाल्या. आबांनी यावर बराच विचार केला. मग म्हणाले, "तुझं हात घोड्याच्या तोंडात कुटं जात्यात?" एके सकाळी उद्यानं आपणहून तोंड उघडून कडी घेतली आणि चघळत उभा राहिला. धडा एका मिनिटात संपला आणि त्या दिवशी आबा दुपारपर्यंत पत्ते हरले.

मग कावा. लांब दोरीवर गोल फिरवायचं, आधी डाव्या हातावर, मग उजव्या. मग पाठीवर ओझं. पहिला महिना दुमडलेला पंचा. दुसरा महिना घोंगडी. तंग आवळायचा तो एका भोकानं, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. गल्लीचं शिक्षण तोवर पूर्ण झालं होतं. कोपऱ्यावर वळण्यापूर्वी प्रत्येकजण खाकरत असे. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न न वाजवता गावात शिरत असे आणि त्यामुळे बस चुकली म्हणून भांडणारे हळू आवाजात भांडत. माझ्या वर्गात पोरं हात वर करण्याआधी मान खाली करून जीभ बाहेर काढू लागली. उद्याला एखादी गोष्ट समजली की तो तसंच करायचा. केंद्रप्रमुख तपासणीला आले तेव्हा सगळ्या वर्गानं जिभा काढल्या. मी त्यांना सांगितलं, पाठ समजलाय. त्यांनी शेरा काय लिहिला ते मी कुणाला दाखवलेलं नाही.

आबांचा पुराणातला आधार नकुल. अज्ञातवासात तो विराटाच्या पागेत ग्रंथिक या नावानं वर्षभर राहिला आणि घोडी सांभाळली. भीमानं कीचक मारला, अर्जुनानं उत्तरेला नाच शिकवला, सगळ्यांची नाटकं झाली. नकुलानं काय केलं हे कुणी सांगत नाही. "कारण त्यो काम करत व्हता," आबा म्हणत.

मधली काही वर्षं तो धनगरांचा वाडा दुसऱ्या वाटेनं गेला होता. उद्याला चौथं वर्ष लागून संपलं त्या दिवाळीनंतर तो पुन्हा आमच्याकडून निघाला. दुपारी गल्लीतून मेंढरांचा लोंढा, कुत्री, आणि शेवटी त्या घोड्या आल्या. उद्याची आई पुढे होती. तिच्या पाठीवर घोंगड्या, हंडे, तांदळाचं पोतं, दोन आजारी कोकरं, एक झोपलेलं पोर आणि डालग्यात न मावलेल्या पाय बांधलेल्या कोंबड्या. तिला कुणी दोरी धरलेली नव्हती. आईनं लेकराला ओळखलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण तिनं कुंपणाबाहेरून मान आत घालून आधी त्याची वैरण खाल्ली.

धनगरीण म्हातारी झाली होती. तिनं कुंपणाशी उभं राहून उद्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग त्याच्या पाठीवरच्या दुमडलेल्या घोंगडीकडे पाहिलं.

"काय वाहतंय?"

"अजून कायबी न्हाय, आक्का," आबा म्हणाले. "शिकतंय."

"काय शिकतंय?"

हा प्रश्न आबांना इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. सगळ्यांनी कधी ते विचारलं होतं. आबा विचार करू लागले. त्यांचा विचार पूर्ण होईपर्यंत थांबायला धनगरीण काही गावातली नव्हती. तिला संध्याकाळपर्यंत पुढचा मुक्काम गाठायचा होता. तिनं घोडीच्या पाठीवरून एक काळी कोंबडी काढली, पायाची दोरी सोडली आणि बोलता बोलता ती उद्याच्या पाठीवर ठेवून दिली, ओट्यावर तांब्या ठेवावा इतक्या सहज.

गल्ली थांबली. कोपऱ्यावरचा माणूस खाकरायचा विसरला. कोंबडीनं पंख फडफडवले, आधी डावीकडे, मग उजवीकडे. उद्याचा एक कान मागे गेला. मग तो पुढे आला. त्यानं मान खाली घातली आणि जीभ काढून चघळू लागला. कोंबडीनं घोंगडीवर दोन वेळा गोल फिरून जागा केली आणि बसली.

"बग," धनगरीण म्हणाली. "आईच्या मागनं येक घाट उतरलंय, त्याला काय शिकिवतोस?"

बापू टाळ्या वाजवणार होता, पण गल्लीनं त्याला शिकवलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "आबा, आता बसा."

आबांनी बोट ओठांवर ठेवलं. तीन वर्षांच्या उमेदवारीनंतर पहिला स्वार बसला होता, घोड्यानं त्याला घेतलं होतं, आणि गोष्ट नीट झाली की धडा बंद. पण धडा बंद करायचा म्हणजे कोंबडी उतरवायला हवी होती, आणि बसलेली कोंबडी घाईनं उचलली असती तर फडफडली असती, उद्या बुजला असता. आबांनी धनगरणीला थांबायला सांगितलं. धनगरीण म्हणाली, मेंढरं पुढं गेली. आबा म्हणाले, कोंबडी आपणहून उतरंल. धनगरीण म्हणाली, कवा? आबांनी उत्तर दिलं नाही, पण ते काय देणार होते ते गल्लीला ठाऊक होतं.

शेवटी पुन्हा उपरण्याखाली हात गेले. काकींनी दारातून पाहिलं आणि या वेळी त्या स्वतः येऊन उपरणं उचलून बघू लागल्या. कोंबडीचा भाव चांगला पाडून मिळाला नाही, असं त्यांचं अजून म्हणणं आहे. वाडा पुढे गेला. कोंबडी तिन्हीसांजेला उतरली, आणि तीही उजव्या बाजूनं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला डाव्या बाजूनं उतरवायला शिकवावं लागलं.

आता रोज सकाळी उद्या काव्यावर फिरतो आणि त्याच्या पाठीवर काळी कोंबडी असते. सरळ चालीत ती बरी बसते, दुडकीत अजून डळमळते. बापू परवा पुन्हा येऊन विचारून गेला की माणूस कधी बसणार. आबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आधी हिची मांड बसू दे."